शेड्यूलमध्ये नसलेली मॅच

हे लिहिणारच नव्हतो. मराठी टाइप करायला वेळ लागतो, आणि स्पीडवे म्हणजे काय हे सांगेपर्यंतच लोक कंटाळतात. पण हेमचंद्रचं नाव कुठेतरी यायला पाहिजे, म्हणून बसलोय.

थोडक्यात सांगतो. मातीचा गोलसर ट्रॅक, दोन टीमच्या दोन-दोन अशा चार बाइक, चार राउंड. नंबरप्रमाणे पॉइंट तीन, दोन, एक, शून्य. बाइकला ब्रेक नसतो. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि तसंच आडवं निघायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, पडून पडून आलं.

नागपूरहून अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जॉबवर आलो होतो. वीकेंडला काय करायचं, म्हणून एकदा ट्रॅकवर गेलो. लॉगर्स नावाच्या टीमने त्यांची जुनी बाइक हातात दिली. छोट्या गावाची टीम, मॅचला लागणारे चार रायडर कधी पुरे होत नाहीत. पुढे बरा चालवायला लागलो तेव्हा ईगल्सनी बोलावलं. ती मोठी टीम, रायडर भरपूर. आमच्या लीगचा नियम असा की ज्यांच्याकडे माणूस कमी, त्यांनी दुसऱ्या टीमचा एक रायडर घ्यावा. लॉगर्सनी मला घेतलं. म्हणजे मी दोन्हीकडे.

२००५ साली सगळा घोळ झाला. शेड्यूल फोनवर ठरायचं, आणि माझ्या दोन्ही टीमच्या मॅच एकाच शनिवारी यायच्या. मी ईगल्सकडे, तिकडे लॉगर्स तिघांवर हरतायत. लीग चालवणारा डग म्हणाला, पुढच्या वर्षी पण असंच झालं तर लॉगर्स बंद.

हे मी ऑफिसात शेजारच्या क्यूबमधल्या हेमचंद्रला सांगत बसलो. पुण्याचा माणूस, आयुष्यात स्कूटीच्या पुढे गेला नाही. त्याने ऐकलं, दोन दिवसांनी शेड्यूल लावणारा प्रोग्रॅम लिहून आणला. अट एकच: एका रायडरच्या दोन टीमची मॅच एकाच दिवशी येता कामा नये.

डगने पुढचं शेड्यूल त्यावरच काढलं. २००६ चा सीझन असा गेला की काय सांगू. मी प्रत्येक मॅचला होतो. लॉगर्स जिंकायला लागले. सप्टेंबरमध्ये टेबलवर ईगल्स पहिले, लॉगर्स दुसरे. आणि डग म्हणाला, या दोघांची एक एक मॅच कमी कशी?

हेमचंद्रने शेड्यूलच्या कागदावर ओळीओळीने बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "अरे, त्यांना एकमेकांशी खेळायला पण एकच दिवस लागतो ना."

प्रोग्रॅमने बरोबर अट पाळली होती. मी दोन्ही टीमचा, म्हणून त्या दोन टीम वर्षभरात एकदाही भेटल्या नाहीत. लक्षात कुणाच्याच आलं नाही. डग पोट धरून हसला आणि पुढचा शनिवार ठरवला. जो जिंकेल त्याची लीग.

आता मी कुणाकडून चालवायचं? ईगल्स माझी मेन टीम, कप त्यांच्या हातात आलेला. पण मी नसलो तर लॉगर्सकडे तीनच. तिघांवर ते हरणार हे ठरलेलंच, म्हणजे पॉइंट्स ईगल्सना फुकट. आणि डगला बंद करायला कारण.

हेमचंद्रने मला काहीच सुचवलं नाही. एवढंच म्हणाला, तू ज्या बाजूला जाशील, मी त्या बाजूला बसेन.

ईगल्सचा कॅप्टन रिक, त्याला फोन केला. सांगितलं, मी लॉगर्सकडून येतोय. तो म्हणाला, फुकटचा कप मला पण नको होता, ये.

शेवटच्या रेसपर्यंत बरोबरीत गेलो. शेवटच्या रेसमध्ये मी पहिला, रिकला मागे टाकून. पण आमचा दुसरा रायडर शेवटच्या वळणावर पडला. आम्हाला तीन पॉइंट, त्यांनाही तीन. बरोबरी. टेबलवर ईगल्स वरच होते, कप त्यांचा.

डगने माइकवर आधी कप नाही दिला. आधी सांगितलं की या वर्षी एकही मॅच कमी रायडरवर झाली नाही, लीगमध्ये पहिल्यांदा, आणि लॉगर्स पुढच्या वर्षी पण आहेत. मग शेड्यूलवाल्याला उभं केलं. हेमचंद्र वळणाजवळ बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखलेला, चष्म्यापुरते दोन गोल स्वच्छ. लॉगर्सचं सगळं गाव त्याच्यासाठी उभं राहिलं. माझ्यासाठी एवढं कुणी कधी उभं राहिलं नाही, आणि मला ते भारी वाटलं यार.

गाडीत त्याने विचारलं, "पुढच्या वर्षी ही मॅच टाकतो. तुला कुणाकडे लिहू?"

"लॉगर्स," म्हटलं. "त्या एका दिवशी कायम लॉगर्स. ईगल्सनी टीममधून काढलं तरी. बदल कर म्हणून तुला फोन करणार नाही, शब्द देतो."