आधी खड्डा

"सही करा, बाई. खाली फुली मारून ठेवलीये, शोधायचीही तसदी नको," असं म्हणत साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि खिशातलं स्वतःचं पेन त्यावर ठेवलं.

तिने पेन उचललं नाही. कागद उचलला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला लागली. साहेबांनी सुस्कारा सोडला. ही बाई दोन ओळींचा कागदसुद्धा पहिल्या अक्षरापासून वाचणार, हे सगळ्या कचेरीला पाठ होतं.

मजकूर साधाच होता. मुलींच्या तीन मजली वसतिगृहाच्या जागेची पाहणी केली, खड्डे घेऊन जमीन तपासली, जमीन पायासाठी योग्य आहे. खाली तिची सही झाली की प्रस्ताव मंजूर, आणि ती मंजुरी उद्या सकाळी मोठे पाहुणे भर मांडवात जाहीर करणार. कोनशिला कोरून आली होती, मांडव उभा होता, हारांची ऑर्डरही गेली होती. खड्डा तेवढा एकही घेतलेला नव्हता.

"खड्डे कधी घेतले, साहेब?"

"घेऊ हो. समारंभ एकदाचा पार पडू दे."

"मग सहीही समारंभ पार पडल्यावरच करते."

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी खोकल्याच्या आड हसलं. नियोजन शाखेत तिची उभी नोकरी गेली होती आणि तिथे तिला पाठीमागे सगळे 'खड्डेबाई' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. जमीन उकरून पाहिल्याशिवाय तिच्या टेबलावरून एकही प्रस्ताव वर गेला नव्हता. नवीन येणारे विचारायचे, बाई, तुमची एखादी इमारत पडली होती का हो? ती म्हणायची, एकही नाही पडली. का पडली नाही, ते विचारा.

साहेब माणूस वाईट नव्हता. घाईचा होता, एवढंच. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "बाई, त्या मुली आज गोदामात राहतात. पावसात अंथरुणं गुंडाळून बसतात. पाहुणे उद्या गेले की वर्षभर फिरकायचे नाहीत. निधी परत गेला तर ते पाप कोणाच्या माथी?"

"म्हणून तर म्हणते. त्या वर झोपणार आणि खाली काय आहे ते आपल्यालाच ठाऊक नाही. मागच्या कोपऱ्यात ऐन उन्हाळ्यात हिरवंगार गवत आहे. ते कुठल्या पाण्यावर वाढलं? तिथे जुनी विहीर बुजवलेली असली तर? तीनदा लिहून दिलं मी."

"गवत बघून इमारती अडवायला लागलो तर झालंच!" साहेब उठले. "या महिन्याच्या अखेरीला शाखाप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. तुमचं नाव माझ्याच हातात आहे. रात्रभर विचार करा."

खुर्ची तिला हवी होती. खोटं कशाला बोला? तिच्या मागून आलेले दोघे तिच्या पुढे गेले होते, आणि दर वेळी तिने हसतमुखाने पेढे खाऊन घरी येऊन भांडी आपटली होती. पायऱ्या उतरताना तिला रडूच यायला लागलं, आणि रडू येतंय याचाच भयंकर राग आला.

घराच्या पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं. तिचा चेहरा पाहून त्याने मशीन थांबवलं.

"काय गं, कोणाशी वाजलं?"

"माझी खुर्ची चाललीये. एका खड्ड्यापायी."

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सुईत दोरा ओवत म्हणाला, "सगळं जग करतं गं सही. तू एकटी किती पुरी पडशील?"

"तुम्ही गिऱ्हाइकाला न बघता कपडा बेतता?"

"बेततो की. जुन्या मापावर."

"आणि नीट बसतो?"

"बसतो कसला! मग उसवतो."

"इमारत उसवता येत नाही हो," ती म्हणाली.

त्याने सुई दोऱ्यासकट बाजूला ठेवली. लग्नाआधी ही बाई घर बघायला आली तेव्हा चहाच्या आधी गच्चीवर चढली होती आणि पाणी कुठे मुरतंय ते दाखवून खाली उतरली होती. त्याच दिवशी त्याने ओळखलं होतं, हिच्यापुढे आपली मात्रा चालायची नाही. आता त्याने दुकानाची फळी ओढली आणि विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?"

उजाडताना दोघं जागेवर पोहोचले तेव्हा तिच्या रात्रीच्या निरोपावरून मुकादम दोन माणसं, पहार आणि फावडी घेऊन हजर होता. वर्षानुवर्षं तिचे खड्डे यानेच खणले होते. त्याने मांडवाकडे बोट दाखवलं. "बाई, तुमचा हिरवा कोपरा बरोब्बर पाहुण्यांच्या सोफ्याखाली आलाय."

"सोफा उचला. गालिचा गुंडाळा."

"साहेबांची परवानगी?"

"परवानगी माझी. ओरडा खायचा तो मी खाईन, तुम्ही फक्त खणा."

मुकादमाने हातावर थुंकून पहार उचलली. पहिला हातभर खड्डा ओल्या, काळ्या मातीचा निघाला. तिने चिमूटभर माती बोटांत चोळली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. माणसं खणत राहिली. नवऱ्याने गळ्यातला शिलाईचा टेप खड्ड्यात सोडला आणि खोली वाचत सुटला, जणू विजार बेतायचीय. कंबरेएवढं खाली गेल्यावर पहार खणकली.

"मुरूम," मुकादम म्हणाला. "घट्ट आहे."

"आणखी खणा. दुसऱ्या टोकालाही घ्या."

एवढ्यात साहेबांची गाडी आली. त्यांचा चेहरा पाहून मांडववाले खांबांआड गेले. "बाई! अहो, काय चाललंय काय हे? दीड तासात पाहुणे येतायत आणि तुम्ही व्यासपीठापुढे विहीर खणताय?"

"तिथे विहीर आहे का, तेच बघतेय, साहेब."

पुढचा अर्धा तास साहेब ओरडले आणि ती उभी राहिली. हलली नाही, उलट बोलली नाही, माणसांना थांबा म्हणाली नाही. दोन्ही खड्ड्यांच्या तळाशी तोच तांबडा, दगडासारखा मुरूम लागला. बुजवलेली विहीर नव्हती, भरावही नव्हता. गवताचं गूढ कुंपणाजवळ उलगडलं. रस्त्याकडची पाण्याची नळी सांध्यात गळत होती आणि ओल वरच्या वर कोपऱ्यात पसरत होती. बस्स, एवढंच.

साहेबांनी खड्ड्यात वाकून पाहिलं, आणि हसू त्यांना आवरेना. "डोंगर पोखरून उंदीर काढलात, बाई! सांगत नव्हतो मी, जमीन चांगली आहे?"

"तुम्ही सांगत होतात. आता मला माहीत आहे." तिने हात पदराला पुसले. "उंदीरच आहे ना, हे बघायलाच पोखरला, साहेब. वाघ निघाला असता तर मुली वर राहायला गेल्यावर त्याला बाहेर काढणार होतात?"

तिने साहेबांकडून कालचा कागद मागून घेतला, पालथ्या घमेल्यावर ठेवला, पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला आणि फुलीच्या जागी ठसठशीत सही केली. खाली आजची तारीख घातली. बोटाचा मातीचा ठसा कागदावर उठला, तो तिने पुसला नाही.

साहेबांनी कागदाची घडी केली. हसणं थांबलं होतं. "सही मिळाली. पण माझ्या मांडवात माझी शोभा केलीत, हे मी विसरणार नाही. खुर्चीचं विसरा. सोमवारपासून भांडारात जायचं, सिमेंटच्या गोण्या मोजायला."

नवरा एक पाऊल पुढे झाला, तिने त्याला नजरेनेच थांबवलं.

"जाते," ती म्हणाली. "पण आत घेण्याआधी प्रत्येक गोणी उघडून बघेन. आधीच सांगून ठेवते."

साहेब पाय आपटत निघून गेले. मुकादम फावडं घेऊन हळूच म्हणाला, "बाई, वरच्यावर माती ढकलू का? वेळ नाही, आणि वर गालिचा येणारच आहे."

"अजिबात नाही. थर घाला, पाणी मारा, धुमसाने ठोकून दाबा. मग दुसरा थर."

शेवटी धुमस तिनेच हातात घेतला. दर ठोक्याला एक खुर्ची, एक साहेब, एक पेढा आठवत ती माती दाबत राहिली. नवरा बादलीने पाणी मारत होता. गालिचा पसरून सोफा जागेवर गेला तेव्हा पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येत होती.

ती मांडवाच्या मागे, कनातीला धरून उभी राहिली. पाहुणे अंगाने चांगले भरलेले होते. ते आले आणि धप्पकन सोफ्यावर बसले. सोफ्याचा पाय तसूभरही खचला नाही. भाषणात त्यांनी कामाच्या झपाट्याचं फार कौतुक केलं, साहेबांचं नाव दोनदा घेतलं. मागच्या रांगांत बसलेल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"तुझ्या खड्ड्यावर बसलेत," नवरा तिच्या कानाशी कुजबुजला.

"बसू देत," ती म्हणाली. "दाबून भरलाय."

मग ती नखांतली माती काढत उभी राहिली, आणि टाळ्या थांबेपर्यंत तिची नजर मुलींवर होती.