फुटक्या कोपातली दीर्घिका

मित्रांनो, मी एक जुना कोप आहे, आणि त्यातलाही निम्माच. पाय असलेल्या काचेच्या पेल्याला आमच्या पेडणे तालुक्यात कोप म्हणतात. पोर्तुगीज गेले, शब्द घरात राहिले. माझा वरचा पेला केव्हाच गेला. उरला तो बोटभर दांडा आणि खालचा जाड, गोल तळ. तरीही मी दीर्घिकांच्या संशोधनात काम केलं आहे. हसू नका, पुढे ऐका.

माझा जन्म लिस्बनचा, असं बाबली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. खोक्यावर फिरोझाबाद छापलं होतं, पण खोकी कोण वाचतो. या बाबलीची कोरगावात काजूच्या दारूची भट्टी होती. नवी धार उतरली की तो माझ्यात थोडी ओतून हलवायचा आणि वर येणारे फेसाचे मणी बघत बसायचा. मणी किती वेळ टिकतात त्यावरून दारू किती कडक, ते सांगायचा. कडकपणा डोळ्यांना दिसत नाही, मणी दिसतात. विज्ञानाचा माझा पहिला धडा तो.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी मी फुटलो. राज्याची भाषा कोंकणी की मराठी, यावर बाबली आणि त्याचा मेव्हणा भांडत होते. दोघंही एकाच भाषेत भांडत होते. ती कुठली, एवढाच वाद होता. मुद्दा पटवून देताना बाबलीनं मला तांब्याच्या भांड्यावर आपटलं. मुद्दा कोणालाच पटला नाही. त्याची बायको गंगा हिनं मग, धरायला दांडा बरा आहे म्हणून, मला मिठाच्या बरणीचं झाकण केलं. सात वर्षं मी मीठ राखलं. कोणी शब्दानं कौतुक केलं नाही.

चौऱ्याण्णव साली सुविधा टीचर घरी आल्या. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या, रोज हळर्णहून बसनं यायच्या, आणि चार वर्षं हंगामीच होत्या. काजूच्या दिवसांत गंगाची मुलगी वर्गात दिसेना म्हणून विचारायला आल्या होत्या. सहज मला उचललं आणि माझ्या तळातून चिमणीच्या ज्योतीकडे पाहिलं. ज्योत ताणली, वाकली, आणि तळाचा मध्य समोर येताच तिचं गोल कडं झालं. टीचरांनी मला पुन्हा ज्योतीसमोर धरलं.

“हे मला द्याल?”

“टीचर, तुमी ह्या फुटक्या बुडाचां काय करतल्यात?”

“मुलांना अदृश्य वस्तू कशी शोधायची ते दाखवायचंय.”

“तेका बूड कित्याक? आमचो घोव सकाळपासून अदृश्य आसा, तो शोधून दाखवा.”

टीचरांनी वर्गात सांगितलं ते असं. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, इतक्या वेगानं फिरतात की नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर त्या एकत्र राहिल्याच नसत्या. म्हणजे न दिसणारं पुष्कळ काही त्यांत असलं पाहिजे. ते शोधायचं कसं? लांबच्या ताऱ्याकडे बघत बसायचं. मधून एखादी काळी, जड वस्तू गेली, तर तिचं गुरुत्वाकर्षण ताऱ्याचा प्रकाश वाकवून आपल्याकडे गोळा करतं. तारा हळूहळू उजळतो, आणि तसाच हळूहळू पूर्वीसारखा होतो. असे लाखो तारे ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ तपासत होते. त्यांच्याकडे मोठी दुर्बीण होती. आमच्याकडे मी होतो.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मला न्यायचं ठरलं. तक्ता मराठीत लिहायचा की कोंकणीत, यावर शिक्षकांच्या तीन सभा झाल्या. शेवटी तो इंग्रजीत लिहिला. कोणाला कळला नाही, पण सगळ्यांना मान्य झाला.

शाळेचे अध्यक्ष शिवदासबाब व्यसनमुक्तीवर भाषणं करीत. त्यांनी टीचरांना बोलावून सांगितलं, “तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. प्रदर्शन झालं की सही करतो. शाळेच्या नावाला बट्टा लागेल असं काही तिथं नको.” टीचरांनी त्या संध्याकाळी मला चिंचेनं तीनदा घासलं. वास गेला, भीती काही जाईना.

प्रदर्शनात एका खोक्याला टाचणीएवढं भोक पाडून आत बल्ब लावला. तो आमचा तारा. त्यासमोरून, मधे आलेली जड वस्तू म्हणून, टीचर मला सावकाश सरकवू लागल्या. परीक्षक होते डिचोलीच्या बाजूचे, कारापूरचे कृष्णनाथ सर. त्यांनी एक डोळा मिटून कडं पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“ही काच कुठली, बाई?”

शिवदासबाब शेजारीच उभे होते. टीचरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला कळलं, कारण आमचं कडं फाटलं. खोटं बोलणं सोपं होतं. पण मागे वर्गातली सगळी मुलं उभी होती, आणि गंगाची मुलगी पहिल्या रांगेत.

“बाबलीच्या भट्टीवरच्या कोपाचा तळ आहे, सर.”

“नव्हे, नव्हे,” शिवदासबाब घाईनं पुढे आले. “टीचरांची चूक होते आहे. भट्टीची वस्तू आमच्या शाळेत येणार नाही. बाबलीचा कोप असा नसतो, सर. त्याच्या काठाला हिरवी रेघ असते. आणि उजवीकडे टवका उडालेला आहे, तो ओठाला लागतो.”

“कोणाच्या?” कृष्णनाथ सरांनी विचारलं.

मित्रांनो, मी पुष्कळ शांतता पाहिली आहे. मिठाच्या बरणीत दुसरं काही नसतं. पण तशी शांतता मी पुन्हा पाहिली नाही. गंगाची मुलगी छताकडे बघत होती, म्हणजे तिला हसू आवरत नव्हतं.

आम्हांला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं गोबर गॅसला गेलं. ते दरवर्षी गोबर गॅसलाच जाई. शेऱ्यांच्या वहीत मात्र कृष्णनाथ सरांनी लिहिलं, ‘प्रयोग यशस्वी. अदृश्य वस्तू सापडली.’ दुसऱ्या दिवशी शिवदासबाबांनी कागद न वाचताच सही केली.

मग त्यांनी मला आपल्या कचेरीतल्या कपाटात ठेवलं. शाळेची ठेव आहे, जपली पाहिजे, म्हणाले. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली स्वतःकडे ठेवली. मित्रांनो, इतकी काळजी माझी कोणी घेतली नव्हती, आणि इतकी धूळही माझ्यावर कधी बसली नव्हती. 

तिकडे त्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तारे पाहिले. मधून जाणाऱ्या काळ्या वस्तू थोड्याच सापडल्या; दीर्घिकेचं न दिसणारं वजन काही तेवढ्यानं भरून निघालं नाही. शोध अजून चालू आहे. तेव्हा एक विनंती. मला बाहेर काढा. कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसू नका, एका ओरखड्यानं अख्खी दीर्घिका वाकडी दिसते. ओल्या, मऊ कापडानं पुसा, एक डोळा मिटा आणि मला सावकाश सरकवा. घाई केलीत तर कडं निसटतं. दिसलं नाही, तर सुविधा टीचरांना विचारा. त्या शाळेतच असतात. आता कायम आहेत.