दोन कुलपांची पेटी

विद्यापीठाच्या कचेरीत कुलसचिवांच्या दालनात शिरलात की डाव्या हाताला एक भलामोठा प्रिंटर दिसेल. त्याच्याकडे बघू नका, तो परवा-परवाच आलाय. वाकून त्याच्या खाली बघा. हिरवा रंग उडालेली, दोन कुलपं लावलेली लोखंडी पेटी दिसते ना? ती मी. मित्रांनो, मला टेबल समजू नका. तो अपमान फार जणांनी करून झालाय.

माझा जन्म नगरचा. गोरक्ष नावाच्या कारागिरानं जाड पत्रा ठोकून मला घडवलं आणि जाताना म्हणाला, "हिला पहार लावाल तर पहार वाकंल, ही न्हाई." हे बोलणं मी आयुष्यभर मिरवलं.

मला लिहिता-वाचता येत नाही. पण विद्यापरिषदेची वही माझ्याच पोटात असते. विद्यापरिषद म्हणजे विद्यापीठात काय शिकवायचं, परीक्षेला कुणाला बसू द्यायचं, हे ठरवणारी प्राध्यापकांची बैठक. सगळे मोठे शिकलेले, पण एकाचा दुसऱ्यावर भरवसा नाही. वहीत मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून मला दोन कुलपं. एक किल्ली कुलसचिवांकडे, दुसरी शिक्षकांच्या प्रतिनिधीकडे. दोघं समोर आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

दुसरी किल्ली तीस वर्षं गहिनीनाथ सरांकडे होती. हरवू नये म्हणून त्यांनी ती कमरेच्या करगोट्यालाच बांधली होती. सभा सुरू झाली की ते भिंतीकडे तोंड करत, सदरा वर घेत आणि किल्ली सोडवत. तेवढा वेळ बाकीचे खिडकीबाहेर बघत. वर्षानुवर्षं बघून शेवटी सगळे ते विसरूनही गेले.

तीन वर्षांपूर्वी सरांची शेवटची सभा झाली. पाथर्डी-जामखेडकडची कितीतरी घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. भाकरी थापायला लेक बरोबर न्यावी लागते. ती परत येते तेव्हा हजेरी कमी भरते आणि परीक्षेला बंदी होते. सरांनी ठराव मांडला, की अशा मुलींचे बुडालेले तास सुट्टीत भरून घ्यावेत आणि त्यांना परीक्षेला बसू द्यावं. भांडणं झाली, चहा गार झाला, ठराव मंजूर झाला. तो वहीत लिहून वही माझ्या पोटात गेली. दोन्ही कुलपं लागली. मग सरांना शाल मिळाली, नारळ मिळाला. सरांनी कपाटांच्या चाव्यांचा जुडगा सोपवला, कागदावर सही केली आणि जामखेडची एसटी धरली.

आता इथला नियम ऐका. ठराव मंजूर होऊन भागत नाही. पुढच्या सभेत वही काढून तो वाचायचा, सगळ्यांनी बरोबर आहे म्हणायचं, म्हणजे तो कायम होतो. मगच लागू. पुढच्या सभेत जुडग्यातली एकेक चावी मला लावून पाहिली. एकही लागेना. सरांना पत्र गेलं. सरांचं उत्तर आलं, "सर्व चाव्या दिल्या, सही पाहावी." माणूस मानी, पुन्हा कोण विचारणार?

नव्या प्रतिनिधी शुभांगी मॅडम. त्या म्हणाल्या, "कुलूप तोडा."

कुलसचिव उत्तमराव चष्मा पुसत म्हणाले, "तोडून काढलेली वही खरी कशावरून? उद्या कोर्टात मला उभं करतील."

"मग नवा ठराव आणते."

"त्याच विषयाचा जुना प्रलंबित असताना नवा आणता येत नाही, मॅडम. नियम आहे."

"म्हणजे जुना निघणार नाही आणि नवा येणार नाही?"

"विषय पुढील सभेवर," उत्तमराव म्हणाले. तीन वर्षं ते हेच म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. असल्या माणसाला कुलूप म्हणजे आईचा पदर.

खरं सांगू? मला तेव्हा अभिमानच वाटायचा. इतके पंडित हात चोळत बसले, पण मी हलले नाही.

मग यंदा मोनिका आली. तिसगावकडची, शेवटच्या वर्षाची. परीक्षेचा अर्ज भरायला चार दिवस उरलेले आणि हजेरीमुळे अर्ज परत. प्रिंटर तेव्हा आला नव्हता. ती माझ्यावरच बसली. रडली नाही, नखानं माझा रंग खरवडत राहिली. झाडू मारायला आलेल्या लंकाबाईनं विचारलं, "काय गं, तोंड का पाडलं?"

"वर्ष गेलं मावशी. घरचे म्हनत्यात, आता कालेज बास. सोयरीक आलीया."

"आन् त्यो ठराव का काय?"

"मी बसलीया त्याच पेटीत हाय म्हनं. मॅडम म्हनल्या."

"उठ आधी, लादी पुसू दे."

त्या दिवशी पहिल्यांदा माझा घट्टपणा मलाच टोचला. तिची सुटका माझ्या पोटात, आणि तिला ती देता येत नाही. कड्या असून हात नाहीत, झाकण असून जीभ नाही. आतून धडका मारायच्या म्हटलं तरी पत्रा माझाच.

लंकाबाई लादी पुसता पुसता थांबली. दारात शुभांगी मॅडम उभ्या होत्या. "मॅडम, हिची दुसरी चावी गहिनीनाथ सरांच्या करगोट्याला असायची. जाताना त्यांनी ती कुनाला दिल्याली मी तरी बघितली न्हाई."

"लंकाबाई, तीन वर्षं का नाही बोललात?"

"मला इचारलं कुनी? आन् बाईमानसानं सायबाच्या कमरंचं कसं बोलावं?"

मॅडमनी तिथूनच फोन लावला. "सर, राग मानू नका. जरा कंबर चाचपून बघता?"

पलीकडून सदऱ्याची सळसळ ऐकू आली. मग सर हळूच म्हणाले, "मी सकाळच्या गाडीनं येतो."

मॅडमनी धावपळ करून दुसऱ्याच दिवशी तातडीची सभा बोलावली. सर आले, भिंतीकडे वळले, सदरा वर घेतला. किल्ली घामानं काळी पडली होती. "अंगाचाच भाग झाली होती हो," ते म्हणाले आणि कुणाकडे न बघता खाली बसले. त्यांचा तो आवाज, ज्याला माईक लागत नसे, त्या दिवशी इतका खाली गेला, की जवळ असलेल्या मलाच तेवढा ऐकू आला.

दोन्ही किल्ल्या फिरल्या. बिजागरी किंचाळली. मॅडमनी ठराव वाचला. उत्तमराव सगळ्यात आधी म्हणाले, "कायम." मोनिकाच्या अर्जावर त्याच दुपारी सही झाली.

मग मॅडम उठल्या. "या पेटीची कुलपं काढून टाकावीत आणि वहीची प्रत सगळ्यांना मिळावी, असा ठराव मांडते." तोही मंजूर झाला, वहीत लिहिला गेला. आणि नियमाप्रमाणे वही माझ्या पोटात गेली, दोन कुलपं लागली, वर प्रिंटर बसला. माझ्या सुटकेचा कागद माझ्याच आत आहे. पुढची सभा कधी, कुणी सांगत नाही.

एवढंच, की दुसरी किल्ली मॅडमनी कमरेला लावली नाही. दाराशेजारी खिळ्याला टांगली आणि लंकाबाईला म्हणाल्या, "येता-जाता बघत जा." लंकाबाई रोज बघते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, तुमच्या हातीही कसलीतरी किल्ली येईल. ती जपा, पण अंगाला बांधू नका. उठताना पुढच्याच्या हातात ठेवा. आणि इकडं आलात तर माझ्या बिजागरीला दोन थेंब तेल घाला. ज्या दिवशी उघडायला सांगतील, त्या दिवशी मला उशीर करायचा नाही.