शून्य पोहोचवणारे फंक्शन

मित्रांनो, मी एक जुने फंक्शन आहे. फंक्शन म्हणजे संगणकाला नेमून दिलेले एक काम. अंगापिंडाने मी जेमतेम तीन ओळींचे, गो नावाच्या संगणकभाषेत लिहिलेले. माझे घर म्हणजे माहितीची गाठोडी बांधणारी एक लायब्ररी, म्हणजे माझ्यासारख्या फंक्शनांचा संच. एका यंत्राने काही कळवले, की आम्ही ते बांधून दुसऱ्या यंत्राकडे धाडतो.

मला एका ताईने लिहिले. सगळे ऑफिस तिला ताईच म्हणते. गाठोडे हलके राहावे म्हणून आमच्याकडे रिकामी माहिती गाळून टाकतात, आणि शून्यालाही रिकामेच समजतात! आता सांगा, आईने विचारले, "किती गणितं सोडवलीस?" तर "एकही नाही" म्हणणे वेगळे आणि मिठाची गुळणी धरून बसणे वेगळे, नाही का? म्हणून मी आकडा डबीत घालते आणि डबी पुढे देते. डबी दिसली, की तिला कुणी गाळत नाही. मग आत शून्य का असेना.

मी एका इस्पितळाच्या लिफ्टसाठी राबत होते. लिफ्ट आपला मजला कळवायची, मी तो डबीत घालायचे आणि दारे सांभाळणारे यंत्र तो वाचून दार उघडायचे. माझे कौतुक कुणी केले नाही, पण मला त्याचे काही वाटत नव्हते. खोटे कशाला बोलू, थोडे वाटत होते!

मग एक नवा इंजिनिअर आला. त्याला साफसफाईची भारी हौस.

"तीन ओळींचं हे लचांड कशाला? आकडा सरळच पाठवू की!" असे म्हणून त्याने मला काढून टाकले. वरचे सगळे मजले तपासले. काम झकास चालले होते. तळमजला मात्र राहून गेला, आणि तळमजल्याचा आकडा असतो शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा लिफ्टपाशी आले. वरच्या मजल्यावर त्यांची नात नुकतीच जन्मली होती. लिफ्ट समोर उभी, पण दार उघडेना. लिफ्ट कुठे आहे हे कळले नाही, तर दार उघडायचे नाही, असा नियमच आहे.

"अहो, लवकर करा! ती तिकडे मोठी व्हायला लागली," आजोबा कुरकुरले.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने ताईला फोन लावला.

"लिफ्ट कुठेय?" ताईने विचारले.

"कुठे म्हणजे? माझ्या नाकासमोर, तळमजल्यावर!"

"अरे देवा, शून्य! माझं पिल्लू कुणी काढलं?"

"मी, ताई," तिच्या शेजारचा नवा इंजिनिअर पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला.

"मग परत आणणार पण तूच," ताई हसली.

आमच्याकडे जुनी प्रत जपून ठेवतात. तिच्यातून त्याने मला उचलून आणले. आल्या आल्या मी शून्य डबीत घातले.

"उघडलं, उघडलं!" फोनमधून आजोबांचाच आवाज आला. मित्रांनो, मला इतका आनंद झाला, की तो माझ्या तीन ओळींत मावेना.

आता तळमजला सर्वांत आधी तपासतात, आणि तपासतो तोच इंजिनिअर. तुम्हीही एखादी लहानशी गोष्ट टाकण्याआधी ती काय करते ते विचारा. आणि तुमचे उत्तर शून्य असले, तरी ते मोठ्याने सांगा. दारापाशी कुणीतरी खोळंबलेले असते.