उतारावरची वाळ्याची रांग

‘दोरी आडवी धर गं सूनबाई! पाणी धावतं तशी नको, पाणी थांबेल तशी!’

बिसेसरबाबांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझी मुळं बोटभरही नव्हती. मित्रांनो, मी वाळ्याची एक जुनी रांग. तुमच्याकडे वाळा माठात टाकतात. इकडे फिजीत, लाबासाच्या डोंगरउतारावर, मला उसाच्या शेतात आडवं लावलं.

जमीन खालच्या गावातल्या वाइसाकेच्या कुळाच्या, म्हणजे इथल्या मूळ फिजीयन घराण्याच्या मालकीची, बाबांनी तीस वर्षांच्या कराराने कसायला घेतलेली. लावणी बघून वाइसाके खो खो हसला, ‘बिसेसर, गवताची शेती? तुझे बैलसुद्धा हसतील!’

‘हसू देत. माती रडायला नको.’

सून फुलकुमारी रोपं दाबता दाबता गुणगुणायची:

उभ्या पावसाला आडवी बाई सांगे,
दमलास रे बाबा, बस माझ्या मागे.

आणि पाऊस खरंच बसायचा. आणलेली माती माझ्या पायाशी टाकायचा नि निवळून ओढ्याला जायचा. तोच ओढा वाइसाकेचं गाव प्यायचं. पंचवीस वर्षांत माझ्या मागे कमरेएवढी माती साठली. लांबून माणसं मला बघायला यायची. मग कुणी बघेनासं झालं. तोडणीआधी ऊस पेटवत, तेव्हा मीही जळायचे. पण मुळं पुरुषभर खोल, पुन्हा फुटायचे.

बिसेसरबाबा गेले. करार संपत आला. शेजाऱ्यांचे करार वाढले नव्हते. ते घराचे पत्रे काढून शहरात निघून गेले होते. बाबांचा मुलगा रामसमुझ, फुलकुमारीचा नवरा, धास्तावला. इथली रीत अशी, की यंगोनाच्या, म्हणजे इथे मानाचं पेय करतात त्या झाडाच्या, मुळांची जुडी घेऊन जमीनमालकाच्या चटईवर बसायचं आणि करार वाढवून द्या असं तोंडाने मागायचं.

‘अहो, जा ना एकदा,’ फुलकुमारी रोज म्हणायची.

‘आणि वाइसाकेकाका तोंडावर नाही म्हणाले तर? कागद यायचा असेल तर येईल.’

कागद आला नाही. ‘जमीन जाणारच, मग माती कुणासाठी राखू?’ असं म्हणत त्याने मला उपटलं. माझ्या जागी उसाच्या दोन ओळी जास्त बसल्या. नांगरही उताराला उभा घातला. कडेला माझा एक ठोंब तेवढा चुकून राहिला.

त्याच साली वादळ आलं. पंचवीस वर्षांची माती तीन दिवसांत ओढ्यात गेली, आणि मी नुसती बघत राहिले. एका ठोंबाने काय काय अडवायचं? मित्रांनो, मला पाणी घालू नका, खत घालू नका. फक्त रांगेत राहू द्या. एकटी असले की मी नुसतं गवत.

चौथ्या दिवशी काठी टेकत म्हातारा वाइसाके वर आला. पाय गुडघ्यापर्यंत गाळाने माखलेले. उघड्या पडलेल्या खडकापाशी रामसमुझ उभा होता.

‘ओढा नासला म्हणून शिव्या द्यायला आलात ना, काका? द्या.’

म्हाताऱ्याने काठीचं टोक खडकावर आपटून पाहिलं.

‘तुझा करार वाढवायला आमच्या कुळाने दोन वर्षांमागेच होकार दिलाय, पोरा. बिसेसरचा मुलगा आहे, माती राखेल, असं मीच सगळ्यांना सांगितलं. रीतीप्रमाणे तू जुडी घेऊन मागायला येशील, म्हणून वाट बघत होतो.’