करवंदीच्या चढावर अडणारी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. जोयड्यात नागूशेटांच्या हिरड्याच्या वखारीला लागून एक कौलारू पडवी आहे, तिथं माझा मुक्काम असतो. माझ्या कापडी छताला ठिगळं आहेत, मागच्या एका दाराला कडीऐवजी सुतळी आहे. पण गुरगुरत निघाले की मी कॅसलरॉकच्या स्टेशनाशीच जाऊन थांबते. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. मला वाटतं. एक काळ असा होता की मी निघाले, तर पोचेन की नाही यावर लोक पैजा लावत.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या कारखान्यातून मला लाकडी खोक्यात बंद करून बोटीनं मुरगावला आणलं आणि तिथून मालगाडीत चढवलं. दूधसागराजवळून गाडी घाट चढत होती, तेव्हा धबधब्याचे तुषार खोक्याच्या फटीतून माझ्या अंगावर आले. या मुलुखाचा मला झालेला तो पहिला स्पर्श. कॅसलरॉकला एका लाकूड-ठेकेदार साहेबानं मला उतरवून घेतलं. माझा काळा रंग तेव्हा असा चकाके की बायका माझ्या दारात पाहून आपलं कुंकू नीट करून घेत. बैल मात्र मला पाहून गाडीसकट शेतात शिरत.

पुढं साहेबाचा ठेका संपला आणि तो निघून गेला. मी एका फणसाखाली उभी राहिले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. माझ्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, चाकांत गवत वाढलं. मित्रांनो, चालून चालून झिजणं वेगळं आणि उभ्या उभ्या गंजणं वेगळं. पहिल्यात थकवा असतो, दुसऱ्यात नुसती वाट पाहणं.

तिथून मला नागूशेटांनी विकत घेतलं. ते मूळचे खानापूरकडचे, हिरड्याचे व्यापारी. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवत नसत. जोयडा ते कॅसलरॉक अशी उतारूंची फेरी सुरू करायची असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला नवी बॅटरी बसवली, नवे टायर घातले आणि चालवायला झिलूला ठेवलं. झिलू जवळच्याच वाडीतला कुणबी. साहेबाच्या लाकडाच्या लॉरीवर राहून तो गाडी हाकायला शिकला होता. हात लावायच्या आधी तो माझ्या बॉनेटवर थाप मारायचा, बैलाच्या वशिंडावर मारतात तशी.

पण पहिल्याच फेरीपासून माझं काहीतरी बिनसलं. सपाटीला मी वाऱ्यासारखी पळे. मध्येच एखाद्या खड्ड्यात आदळले की इंजिन गप्प! पुन्हा दुसऱ्या खड्ड्यात आदळले की आपोआप सुरू. आणि वाटेत करवंदीचा लांब चढ होता, तिथं तर अर्ध्यावर माझी छाती भरून येई. धापा टाकत, आचके देत मी थांबे. झिलू खाली उतरे, टाकीचं झाकण उघडून वेताच्या काठीनं पेट्रोल पाही, रस्त्याकडेच्या राखणदार देवाला हात जोडे आणि मी सुरू होई.

लोक म्हणू लागले, "राखणदाराला ही विलायती गाडी चालत न्हाई." नागूशेटांनी तिथं नारळ ठेवला. नारळ ठेवला त्या दिवशी झिलूनं पेट्रोल पाहिलं आणि मी लगेच चालू झाले, त्यामुळं ती समजूत आणखी पक्की झाली.

मग उपायांचा नुसता धडाका सुरू झाला. प्लग बदलले. कार्बुरेटर खोलून धुतला. पेट्रोल सांबराच्या कातड्यातून गाळून घातलं. बेळगावहून मिस्त्री आणला. मित्रांनो, त्याच्यासमोर मी इतकी शहाण्यासारखी चालले की तो नागूशेटांना म्हणाला, "गाडीला काय बी झालेलं नाही." तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अडले. मी काय करणार? कुठं दुखतं ते सांगायला मला तोंड कुठं होतं?

दिवाळीनंतर जे घडलं, ते मात्र मला फार लागलं. झिलूची आई तुळजा हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. तुळजा म्हणजे रानातल्या कंदांची जाणकार. सुकलेला वेल नुसता पाहून ती सांगे, याखाली कोनफळ आहे, इथं काही नाही. आता ती वेल हातानं चाचपडे आणि भलत्याच जागी खणून रिकाम्या टोपलीनं घरी येई. अशात कॅसलरॉकला बेळगावचे एक डोळ्यांचे डॉक्टर येणार असं कळलं. ते तिथं लोकांना तपासणार होते आणि ज्यांचे डोळे शस्त्रक्रियेला तयार असतील त्यांना दुपारच्या गाडीनं सोबत नेणार होते.

झिलूनं आईला माझ्यात बसवलं. शेजारी त्याची बायको फुला बसली. वाटेत खड्ड्यात मी दोनदा बंद पडले, आणि करवंदीच्या चढावर तर तीनदा. आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा दुपारची गाडी वळणापलीकडं गेली होती. नुसता धूर दिसत होता.

"पोचलो काय रं?" तुळजेनं विचारलं.

फुला म्हणाली, "आत्याबाई, गाडी गेली."

"जाऊ दे," तुळजा म्हणाली. "शिमग्यानंतर परत येनार हायत न्हवं डाक्तर? तवर मी कुठं जात न्हाई."

तिनं रागाचा एक शब्द काढला नाही. तो काढला असता तर मला बरं वाटलं असतं. झिलूनं परतीच्या वाटेवर माझ्या बॉनेटवर थाप मारली नाही.

नागूशेटही कंटाळले होते. ते म्हणाले, "झिलू, लोक माझ्या तोंडावर हसायला लागलेत. शिमग्यापतूर बघतो. न्हाईतर हिला मोडीत घालायची. तू मग परत कुनाच्या तरी लॉरीवर जा."

"शेट, तवर एक करा," झिलू म्हणाला. "दुसऱ्या कुनाला हिला हात लावू देऊ नका. सगळे मिळून धा गोष्टी बदलतात, मग कशानं बरं झालं आनी कशानं बिघडलं ते कळतच न्हाई."

नागूशेटांनी मान हलवली, आणि ते शब्दाला जागले.

झिलू मला आपल्या घराच्या अंगणात घेऊन आला. माझ्यापुढं तो कितीतरी वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याला एक साधी गोष्ट सुचली. माझा भोंगा विजेवर वाजतो. इंजिनालाही ठिणगी त्याच विजेची लागते. मी बंद पडले की लगेच भोंगा दाबायचा. वाजला नाही, तर दोष विजेत.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात मी गप्प झाले. झिलूनं भोंगा दाबला. भोंगाही गप्प! त्याला इतका आनंद झाला की उतारू चक्रावून एकमेकांकडं पाहू लागले. गाडी बंद पडली म्हणून हसणारा ड्रायव्हर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

अंगणात परतल्यावर त्यानं फुलाला माझ्या गादीवर बसवलं.

"भोंगा दाबून धर. सोडू नको."

"अवो, सगळी वाडी गोळा हुईल!"

"हू दे."

फुलानं भोंगा दाबला. झिलू माझी एकेक तार हलवत गेला. भोंगा भों भों करत होता, कुत्री भुंकत होती, शेजारचा रेडा दावं तोडून पळाला, आणि खरोखरच सगळी वाडी कुंपणाशी गोळा झाली. शेवटी झिलूचा हात बॅटरीतून माझ्या सांगाड्याला जोडलेल्या जाड पट्टीवर गेला. ती जरा हलवली आणि भोंगा बंद. दाबून धरली आणि भोंगा सुरू. हलवली, बंद. दाबली, सुरू.

"सापडलं!" झिलू ओरडला.

नवी बॅटरी बसवताना ती पट्टी गंजावरच आवळलेली होती. वीज ज्या वाटेनं परत यायची, त्या वाटेतच गंजाचं कुंपण. झिलूनं बोल्ट काढला, लोखंड चांदीसारखं दिसेपर्यंत घासलं आणि पट्टी घट्ट आवळली. त्या दिवसापासून मी खड्ड्यांत कधी गप्प झाले नाही. माझे दिवेही आता मिणमिणत नव्हते.

झिलूनं नागूशेटांना सांगितलं, गाडी बरी झाली. आणि पुढच्याच फेरीला मी करवंदीच्या चढावर धापा टाकत थांबले.

माझी मलाच लाज वाटली. झिलूनं भोंगा दाबला. भोंगा खणखणीत वाजला. तो स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला. मागं कुणीतरी म्हणालं, "राखणदारच हाय, दुसरं काय न्हाई." पण झिलूनं हळूहळू डोकं वर केलं. तो स्वतःशीच पुटपुटला, "खड्ड्यात पटकन मरायची. हितं दम लागून मरती. ही दोन दुखनी हायत!"

त्यानं या खेपेला टाकीचं झाकण लगेच उघडलं नाही. आधी कार्बुरेटर उघडून पाहिला. तो कोरडा ठणठणीत होता. मग टाकी उघडली. झाकण फिरवताच "फुस्स" असा आवाज झाला. टाकी अर्धी भरलेली होती. वर पेट्रोल आहे, खाली येत नाही, आणि झाकण उघडलं की येतं. असं का व्हावं? सारी वाट तो या विचारात होता.

उत्तर घरी मिळालं. फुला अंगणात रॉकेलचा नवा डबा उघडत होती. झिलूनं खिळ्यानं एक भोक पाडून दिलं. रॉकेल थोडं बुदबुदलं आणि थांबलं.

"दुसरं पाडा की," फुला म्हणाली. "वारं आत शिरल्याबिगर रॉकेल भायर कसं येनार?"

झिलूच्या हातातला खिळा तसाच राहिला. तो माझ्याकडं पाहू लागला. मग धावत आला आणि माझ्या टाकीचं झाकण काढून त्यानं ते उलटं केलं. झाकणाला वारा यायला एक बारीक भोक असतं. ते कुठं दिसेना. फणसाखाली उभी असताना एका कुंभारीण माशीनं त्यात मातीचं घर बांधलं होतं. सपाटीवर मला पेट्रोल कमी लागे, तेव्हा झाकणाच्या फटीतून शिरणाऱ्या वाऱ्यावर भागून जाई. चढावर मात्र माझा घसा कोरडा पडे. पेट्रोल पाहायला म्हणून झिलू झाकण उघडी, आणि नकळत मला बरी करी.

त्यानं काटकीनं ती माती कोरून काढली. मग फुलाकडं वळून म्हणाला, "तुला मिस्त्री म्हनून ठेवतो."

"आधी दुसरं भोक पाडा," फुला म्हणाली.

शिमगा झाला. तुळजा पुन्हा माझ्यात बसली. या खेपेला नागूशेट स्वतः निरोप द्यायला आले आणि उगाचच माझ्या टायरला लाथ मारून गेले. करवंदीचा चढ आला. फुलानं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मी चढले. एका दमात, एका सुरात. वर सपाटी लागली तशी तुळजेनं विचारलं, "चढ कवा येनार रं?"

"आये, चढ सरला."

"व्हय?" ती म्हणाली. "मग हळू चालीव. येळ हाय आता."

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि दुपारच्या गाडीनं सोबत नेलं. फुलाही बरोबर गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल, गाय-बैल असेल, एखादं म्हातारं माणूस असेल, आणि ते कधी नीट चालत असेल, कधी अडत असेल, तर ते हट्टी आहे असं चटकन म्हणू नका. जवळ बसा. कधी अडतं, कसं अडतं ते पाहा. आम्हाला दुखतं तिथं बोट ठेवणारं कुणीतरी हवं असतं. एवढं केलंत तर आम्ही म्हातारपणीही चढ चढतो.

तुळजा परत आली तेव्हा स्टेशनाबाहेर मीच उभी होते. तिच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. फुलाचा हात सोडून ती माझ्याजवळ आली. आजवर तिनं मला कधी पाहिलंच नव्हतं. तिनं माझं तोंड पाहिलं, चाकं पाहिली, लाल धुळीनं माखलेली माझी पाठ पाहिली, छतावरची पाखरांची शिट पाहिली. मग कमरेवर हात ठेवून ती झिलूकडं वळली.

"माझ्या डोळ्यांवर पडदा होता," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांना काय झालंय रं? किती मळवलीस हिला!"

आणि झिलू फडकं शोधून आणेपर्यंत ती थांबली नाही. बेळगावहून नेसून आलेल्या नव्या लुगड्याच्या पदरानं तिनं माझी काच पुसायला घेतली.