लीलेची झोप

नाताळात साहेब पुण्याला गेले आणि त्यांची नाव आठ दिवस आमच्या वाट्याला आली.

नाव सरकारी. लोखंडी बुडाची, वर पत्र्याचं छप्पर, आत दोन बाकं आणि मागे पडदा लावून केलेली मोरी. हे कालवा खात्यात ओव्हरसियर. हिप्परग्याच्या तलावात गाळ किती साठलाय ते सुट्टीत मोजून द्यायचं काम ह्यांच्याकडे आलं होतं. "घरी एकटी राहून काय करशील? तूही चल," हे म्हणाले. "सोलापुरात राहून पाण्यावर संसार कोणी केलाय?"

काठाला डास फार, म्हणून दोरानं मोठा दगड तळाशी सोडून नाव तलावाच्या मध्यावर उभी केली होती. सकाळी हे आणि नावाडी कुंडलिकमामा लहान होडीतून जायचे. दोरीला शिशाचा गोळा बांधून खोली मोजत दिवसभर फिरायचे, आणि दिवस कलला की परतायचे. नावेवर मी, आमची नऊ महिन्यांची लीला आणि कुंडलिकमामांची बायको गोजाबाई. काठ दिसायचा, काठावरची म्हसरं दिसायची, पण होडी आल्याशिवाय तिथं पोचायची सोय नव्हती.

लीलेला दात येत होते. तीन रात्री तिनं कुणाचा डोळा लागू दिला नव्हता.

निघताना शेजारच्या शरणम्मांनी माझ्या हातात एक चपटी डबी ठेवली होती. बाळगोळ्या. गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना देतात त्या, अफूच्या. "अर्धीच हां अक्का, दुधात उगाळून. दोन तास निवांत." ह्यांना अफूचं नाव खपत नसे. डबी मी लुगड्यांच्या घडीत ठेवली होती.

चौथ्या दिवशी होडी दिसेनाशी झाली तशी मी ती काढली. अर्धी गोळी वाटीत उगाळली आणि गोजाबाई भांडी घासत होत्या तेवढ्यात लीलेच्या तोंडात चमचा रिकामा केला. ती रडतच राहिली. थोड्या वेळानं मी तिला गोजाबाईंकडे दिलं आणि दुपटी धुवून अंघोळ उरकायला मोरीत गेले.

बाहेर आले तर लीला गोजाबाईंच्या पायांवर गाढ झोपलेली.

"कशी निजवलीत हो?"

"हातगुण हाय की बाई," त्या हसल्या.

मीही मनात हसले. हातगुण कुणाचा ते मला ठाऊक होतं.

मग मी नातेपुत्याला माझ्या बहिणीला, शकुंतलेला, पत्र लिहायला बसले. नऊ महिन्यांत एक पत्र धड पुरं झालं नव्हतं. 'इथे थंडी नावालाच. दुपारी पत्रा तापतो, मग आम्ही पाण्यात पाय सोडून बसतो. संध्याकाळी बगळे अगदी हाताशी येतात...' पानामागून पान होत गेलं. कुणी हाक मारली नाही, कुणी रडलं नाही.

दूध दाटून आलं तेव्हा कळलं की दुपार झाली.

"उठली नाही अजून," मी म्हणाले.

"निजू द्या की. दात येत्यात, लई दमलीया."

"हो, तीन रात्रींची झोप आहे."

एकमेकींची अशी समजूत काढून आम्ही भाकरी खाल्ली. पुढं तासाभरानं मी लीलेला पदराखाली घेतलं. तिनं ओठ हलवले नाहीत. दूध तोंडाच्या कडेनं गळून माझ्या मांडीवर आलं. मी तिला हलवलं, मान मागे पडली. श्वास चालू होता, पण एका श्वासानंतर दुसरा यायला इतका वेळ लागत होता की तेवढ्यात पत्रातली एक ओळ लिहून झाली असती. पापणी उघडून पाहिली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"गोजाबाई, हिला उठवा."

"उठंल की. सांजच्याला आपसूक उठती."

"संध्याकाळी? तुम्हाला काय ठाऊक?"

 त्यांनी पदराची गाठ सोडून पुढं केली. गाठीत दोन काळ्या गोळ्या होत्या.

"एकच दिली बाई. पोर लई वरडत हुती. म्या गिरणीत हुते तवा माज्या चारी पोरांस्नी दिली. एका गोळीनं काय हुत न्हाय. वाईच लांबती झोप, एवढंच."

त्या खरंच निर्धास्त होत्या. आणि मी... देवानं मला क्षमा करावी. क्षणभर मला हायसं वाटलं, की आता बोल लागेल तो माझ्या एकटीला नाही. पण मी गप्प राहिले तर ही बाई एका गोळीच्या भरवशावर संध्याकाळची वाट पाहत बसेल.

"मीही दिली," मी म्हणाले. "अर्धी. तुमच्या आधी."

गोजाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. "आगं आई गं!" म्हणत त्यांनी लीलेला माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. "आता निजू द्यायची न्हाय. आमच्या चाळीत असंच एक पोर निजलं ते निजलंच. पानी आना! च्याची पूड हाय का? कडू काढा करा, दूध नगं, साखर नगं."

शेगडी विझली होती. पेटवायला कागद हवा म्हणून मी हाताला आलं ते घेतलं. शकुंतलेचं पत्र, चारी पानं. निखारे धरेपर्यंत मी पितळी थाळी उलथन्यानं बडवत होते. पण वारा उलटा, होडी बांधाच्या कोपऱ्यात ठिपक्याएवढी. ती वळली नाही.

गोजाबाई लीलेच्या तळपायांवर टिचक्या मारत होत्या, तोंडावर गार पाण्याचे हबके मारत होत्या. "ए भवाने, डोळं उघड! एवढी मातलीस व्हय गं? तुज्या बापाला काय तोंड दावू?" शिव्या घालता घालता त्यांचं नाक वाहत होतं.

काढा निवला तसा मी बोट बुडवून तिच्या जिभेवर लावत राहिले. थेंब थेंब. मग लीलेला माझ्या कडेवर देऊन गोजाबाई स्वतः काढा लावू लागल्या. तिला स्वस्थ पडू द्यायचं नाही, म्हणून मी नावेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते. सतरा पावलं जायला, सतरा यायला. "बोला, मोठ्यानं बोला तिच्या कानात," गोजाबाई ओरडल्या. मी गायला तोंड उघडलं आणि थबकले. मला येणारी सगळी गाणी निजवायचीच होती.

मग पाढे सुरू केले. बे एके बे, बे दुणे चार. ओरडून, शाळेत मास्तरांसमोर म्हणावेत तसे. साताच्या पाढ्याला तिला एक आचका आला आणि तिनं काळं पाणी माझ्या खांद्यावर ओकलं.

"ओकली, ब्येस झालं!" गोजाबाई म्हणाल्या. "थांबू नगा."

पुन्हा काढा, पुन्हा पाणी. नवाच्या पाढ्याला ती कण्हली. मग परत मान टाकली, तेव्हा गोजाबाईंनी तिला चिमटा काढला, असा की माझ्याच अंगावर वळ उठावा. उन्हं पाण्यावर आडवी आली. मी कितव्यांदा तरी बोट तिच्या तोंडात घातलं, आणि ते चावलं गेलं. खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं. दात आला होता. मागोमाग तिनं भोकाड पसरलं.

असं रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिलो आणि ते ऐकत राहिलो.

तेवढ्यात होडी आली. हे उन्हानं रापलेले, हातात मापांची वही. "अगं, पार सांडव्यापाशी ऐकू येतंय! निजव की तिला."

मागून गोजाबाईंनी माझा पदर घट्ट धरला. "नगा सांगू बाई," त्या पुटपुटल्या. "आमच्या ह्यांची नोकरी जाईल." खाली कुंडलिकमामा होडीचा दोर आवळत होते, तोंडानं काहीतरी गुणगुणत.

लीलेचा आवाज बारीक होत चालला होता. पापण्या परत जड होत होत्या.

"मामा, होडी बांधू नका," मी म्हणाले. "दवाखान्यात जायचंय." आणि ह्यांच्याकडे बघितलं. "हिच्या पोटात दीड गोळी अफू गेलीय. पहिली अर्धी मी दिली, लपवून. गोजाबाईंना मी सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी दिली नसती. ती जागी आहे ती त्यांच्यामुळं."

ह्यांच्या हातातली वही बाकावर पडली.  ह्यांनी लीलेला घेतलं आणि होडीत उतरले. मागोमाग मी. गोजाबाईंना कुणी ये म्हटलं नाही, पण त्याही उतरल्या. कुंडलिकमामांनी बायकोकडे एकदा पाहिलं आणि वल्ही मारायला लागले.

होडीनं अर्धं पाणी कापलं. लीलेची मान ह्यांच्या दंडावर कलली.

"निजू द्यू नगा, सायब," गोजाबाई दबकत म्हणाल्या.

ह्यांनी तिला खांद्यावर उभी धरली. "तिला कसं जागं ठेवलंत?" माझ्याकडे न बघताच विचारलं.

"पाढे म्हणून."

"कुठवर आला होतात?"

"नऊपर्यंत."

 हे घसा खाकरून, होडी हलेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "दहा एके दहा!"

"धा दुने ईस!" वल्ही मारता मारता कुंडलिकमामांनी साथ दिली, आणि लीला दचकून पुन्हा रडायला लागली.